तेलावर जगणारी बुरशी: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

मागच्या वेळी या सदरात समुद्री बुरशीचा ओझरता उल्लेख केला होता. ती तेल खाते, एवढं एकच वाक्य होतं. त्यावर आलेली पत्रं पाहून फार बरं वाटलं. समुद्र घाटापलीकडे असला तरी पुणेकरांचे पाय त्याच्या वाळूला लागतातच. त्यातले काही प्रश्न आज घेते.

जूनच्या सुरुवातीला हर्णैला गेलो होतो. वाळूत काळे, चिकट गोळे होते. मुलाच्या तळव्याला लागलेलं डांबर साबणानं निघेना. असले गोळे खाणारी बुरशी खरंच असते का? (कोथरूड)

आधी पायाचं सांगते. खोबरेल तेल चोळा, पाच मिनिटं थांबा, कापडानं पुसा आणि मग साबण लावा. रॉकेल लावू नका, लहान मुलांच्या कातडीला ते सोसत नाही.

या गोळ्यांना टारबॉल म्हणतात. समुद्रात सांडलेल्या किंवा जहाजाची टाकी धुताना सोडून दिलेल्या तेलातला हलका भाग उडून जातो. उरलेल्याची लाटांत घुसळण होते, त्यात पाणी आणि वाळू मिसळते आणि गोळा तयार होतो. पावसाळी वारे सुरू झाले की ते आपल्या किनाऱ्याला लागतात. कपाटात ठेवतो ती डांबराची गोळी वेगळी, पण दोघांचं नातं आहे. ती नॅफ्थलीनची असते आणि नॅफ्थलीनच्या रेणूत दोन वलयं, म्हणजे कार्बनच्या अणूंची बंद कडी असतात. टारबॉलमध्ये तीन, चार, पाच वलयांचे रेणूही असतात. वलयं वाढली की रेणू पाण्यात विरघळेनासा होतो आणि मोडायला अवघड होत जातो.

तेल खाण्यात पहिला मान जिवाणूंचाच. पाण्यावर ताजा तवंग आला की अल्कॅनिवोरॅक्ससारखे जिवाणू झपाट्यानं वाढतात आणि सरळ साखळीचे रेणू आधी संपवतात. मागे उरतो तो हा वलयांचा जड गाळ. बुरशीचं खरं काम इथे सुरू होतं. तिचे तंतू गोळ्याच्या आत घुसतात आणि एन्झाइम, म्हणजे रेणू मोडणारी प्रथिनं, शरीराबाहेर सोडतात, त्यामुळे घास आधी तोंडात मावायला हवा अशी अट तिला नसते. ही ताकद तिच्याकडे कुठून आली हे समजून घ्यायचं तर खारफुटीत जा. तिथे गळून पडलेली पानं, फांद्या, खोडं कुजवायला बुरशी असते. लाकडातलं लिग्निन वलयांनीच बनलेलं, वेडंवाकडं गुंतलेलं. ते फोडणारी लॅकेझ आणि पेरॉक्सिडेज ही एन्झाइमं फार चोखंदळ नसतात. लाकडाचं वलय असो की तेलाचं, हल्ला त्याच पद्धतीनं होतो. लाकूड कुजवायला घडवलेलं हत्यार तेलावरही चालतं.

मेक्सिकोच्या आखातात २० एप्रिल २०१० रोजी डीपवॉटर होरायझन या तेलविहिरीच्या फलाटावर स्फोट झाला. ११ कामगार गेले आणि विहीर ८७ दिवस वाहत राहिली. काही महिन्यांनी संशोधकांनी किनाऱ्याच्या वाळूतला डीएनए तपासला. तेल येण्याआधी त्या वाळूत सूक्ष्म जीवांची भरपूर विविधता होती. नंतरच्या नमुन्यांत बुरशीचं प्राबल्य होतं. वाळू डोळ्यांना स्वच्छ दिसत होती, तरीही. हे निष्कर्ष वाचल्यापासून मी स्वच्छ दिसणाऱ्या वाळूवर सहज विश्वास ठेवत नाही.

या विषयावर पुण्यात काही काम झालं आहे का? (मायक्रोबायोलॉजीची विद्यार्थिनी, औंध)

झालं आहे, आणि आपल्याच लोकांना ते माहीत नाही याचं मला वाईट वाटतं. मुंबईजवळच्या तेलानं माखलेल्या समुद्राच्या पाण्यातून यारोविया लिपोलिटिका नावाचं यीस्ट वेगळं केलं गेलं. यीस्ट म्हणजे एकपेशीय बुरशीच. हा वाण राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संग्रहात एनसीआयएम ३५८९ या क्रमांकानं ठेवलेला आहे. १९९० च्या दशकापासून पुण्यातल्या संशोधकांनी त्याच्यावर बरंच काम केलं आहे. मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राच्या कच्च्या तेलातले सरळ साखळीचे रेणू तो खातो. परिस्थितीप्रमाणे तो गोल पेशींच्या रूपात राहतो किंवा तंतूही धरतो.

पाणी, कच्चं तेल आणि हे यीस्ट घातलेला फ्लास्क शेकरवर, म्हणजे सतत हलवणाऱ्या यंत्रावर ठेवला की काय होतं ते मी अनेकदा पाहिलं आहे आणि अजून कंटाळा आलेला नाही. पहिल्या दिवशी तेल वर काळ्या चकतीसारखं तरंगत असतं, काचेला त्याची कड चिकटलेली. दोन-तीन दिवसांनी चकती फुटते आणि खालचं पाणी दुधट होतं. थेंबभर पाणी सूक्ष्मदर्शकाखाली घेतलं की तेलाचा एकेक बारीक गोल दिसतो आणि त्याच्या कडेला यीस्टच्या पेशी दाटीवाटीनं चिकटलेल्या असतात, लाडवाला खसखस लावावी तशा. हे यीस्ट स्वतःच तेल पाण्यात मिसळवणारा पदार्थ बनवतं. मोठा तवंग खाता येत नाही, म्हणून ते आधी त्याचे तुकडे करून घेतं.

आघारकर संशोधन संस्थेत बुरशीचा राष्ट्रीय संग्रह आहे, तोही पाहून घ्या. प्रकल्पाचा विषय शोधत असाल तर पुण्याबाहेर जायची गरज नाही.

२०१० मध्ये मुंबईजवळ दोन जहाजांची टक्कर होऊन तेल सांडलं होतं. आता बाजारात तेल खाणाऱ्या जंतूंची पावडर मिळते म्हणतात. मग अशा वेळी ती विमानातून टाकली की झालं, नाही का? (निवृत्त अभियंता, सहकारनगर)

नाही. हा गैरसमज मला सगळ्यात घातक वाटतो, म्हणून सविस्तर लिहिते.

७ ऑगस्ट २०१० रोजी एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ यांची टक्कर झाली आणि सुमारे ८०० टन तेल समुद्रात गेलं. अशा वेळी पहिले तास तटरक्षक दलाचे असतात. तरंगते अडसर टाकून तवंग घेरायचा आणि यंत्रानं तो उपसून घ्यायचा. उपसता येतं ते तेल कुठल्याही जंतूच्या भरवशावर सोडू नये. बुरशीला आठवडे आणि महिने लागतात. तोवर तवंग खाडीत शिरून खारफुटीच्या श्वासमुळांना चिकटलेला असतो.

दुसरी गोष्ट, तेल म्हणजे मुख्यतः कार्बन आणि हायड्रोजन. वरण-भाजी नसलेला कोरडा भातच म्हणा. पेशी वाढायला नत्र आणि स्फुरद लागतं आणि समुद्राच्या पाण्यात ते फार थोडं असतं. म्हणून बहुतेक ठिकाणी अडचण जंतूंच्या कमतरतेची नसते, ते तिथे आधीपासून असतात. अडचण खताची असते. १९८९ मध्ये अलास्कात एक्सॉन वाल्डीझ या जहाजाचं तेल किनाऱ्याला लागलं, तेव्हा दगडगोट्यांवर नत्र-स्फुरदाचं खत घातलं गेलं आणि तिथल्याच जंतूंनी वेग घेतला. हे किनाऱ्यावर जमतं. भर समुद्रात घातलेलं खत लाटांबरोबर पांगून जातं.

तिसरी गोष्ट हवेची. या बुरशीला प्राणवायू लागतो. खारफुटीच्या चिखलात दोन-चार सेंटिमीटर खाली गेलं की तो संपतो. तिथे उतरलेलं तेल वर्षानुवर्षं तसंच राहतं, आणि काढायला माणसं घुसली तर तुडवून नुकसान वाढतं.

मग बुरशी वापरायची कुठे? गोळा केलेला टारबॉलचा आणि तेलकट वाळूचा ढीग असतो ना, तिथे. एका जागी, खाली अस्तर घालून, ओलावा आणि खत देऊन, अधूनमधून ढीग उलटापालटा करून. जिवाणू आणि बुरशी दोघांनाही सोबत ठेवून. भर समुद्रात पावडर फवारण्यापेक्षा मला हा मार्ग कितीतरी भरवशाचा वाटतो.

अशी बुरशी मोकाट सुटली तर बोटींच्या टाक्यांतलं डिझेलही खाईल का? (बावधन)

ती आत्ताच खाते. सोसायटीच्या जनरेटरची डिझेल टाकी वर्षभर तशीच राहिली, तळाशी पाणी साचलं, की फिल्टरमध्ये तपकिरी शेवाळासारखा लगदा सापडतो. त्यात बरेचदा ही मंडळी असतात. विमानाच्या टाक्यांतही अशी एक बुरशी सापडते, तिला केरोसीन फंगस म्हणतात. टाकीतलं पाणी नियमित काढत राहिलात तर ती वाढत नाही. समुद्रात तेल संपलं की तिची संख्या आपोआप घटते.

मी धिंगरी अळिंबी पिकवतो. तेल सांडलेल्या ठिकाणी धिंगरीच्या पिशव्या ठेवल्या तर? (मुळशी)

तुमची कळकळ आवडली. धिंगरीलाही लिग्निन फोडता येतं, त्यामुळे जमिनीवरच्या तेलकट मातीत तिचे प्रयोग झाले आहेत. पण समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, ते तिला झेपत नाही. समुद्री बुरशीची निवडच त्या खारटपणात झालेली असते. आणि कृपा करून, तेलकट मातीत उगवलेली अळिंबी कुणाच्याही ताटात जाऊ देऊ नका.

आमचं गॅरेज आहे. ऑइल बदलताना थोडंफार गटारात जातंच. नदीतली बुरशी ते खाऊन टाकत असेल ना? (भोसरी)

प्रामाणिकपणे विचारलंत, म्हणून सरळ उत्तर देते: थोडं खाते, पुरेसं नाही. वापरलेल्या इंजिन ऑइलमध्ये धातूंचे कण असतात आणि धातू कुठलीच बुरशी पचवून नाहीसे करू शकत नाही. शिवाय ते तेल अरबी समुद्रात जात नाही. भोसरीच्या गटाराचं पाणी नदीतून शेवटी भीमेला मिळतं, आणि वाटेत उजनीचं धरण आहे. पुढे भीमा कृष्णेत आणि कृष्णा बंगालच्या उपसागरात. उजनीचं पाणी प्यायला आणि शेतीला वापरलं जातं.

वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं. २०१६ च्या नियमांनुसार ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच द्यायचं असतं. झाकणाचा ड्रम ठेवा आणि गाडीखाली रुंद तोंडाचा ट्रे. फरशीवर सांडलं तर पाण्याचा पाइप लावू नका. लाकडाचा भुसा टाका, अर्धा तास थांबा, झाडून वेगळ्या डब्यात भरा आणि तोही घातक कचरा म्हणूनच द्या.