मानसिक आजार आणि आरोग्यविमा : वाचकांच्या शंका

‘मनाचे आजार विम्यात बसत नाहीत’ हे ऐकीव वाक्य अजून पत्रांतून येतंच आहे. म्हणून आज फक्त याच विषयावरचे प्रश्न.

भावाला नैराश्यामुळे रुग्णालयात दाखल करावं लागलं. खर्च मिळेल का? (नाशिक)

मिळायला हवा. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २१(४) नुसार विमा कंपनीने शारीरिक आजारासाठी जे संरक्षण द्यायचं, तेच मानसिक आजारासाठीही द्यायचं आहे. मात्र पॉलिसी नवी असेल तर प्रतीक्षा कालावधी, म्हणजे सुरुवातीचा ज्या काळात क्लेम मिळत नाही तो काळ, आधी तपासा.

समुपदेशनाला दर आठवड्याला जाते. ती बिलं लावू का? (ठाणे)

पॉलिसीत ओपीडी, म्हणजे दाखल न होता घेतलेल्या उपचारांचा खर्च, नसेल तर नाही.

सहा वर्षं चिंतेसाठी गोळ्या घेतोय. एजंट म्हणतो, फॉर्मवर ‘नाही’ लिहा, पाच वर्षं निघाली की कंपनी काही विचारू शकत नाही. (सांगली)

या एका सल्ल्याने जितके क्लेम बुडताना पाहिलेत तितके दुसऱ्या कशाने नाहीत. पाच वर्षांचा नियम आहे, खोटा नाही. सलग ६० महिने पॉलिसी चालली की माहिती दिली नाही म्हणून कंपनीला क्लेम अडवता येत नाही. पण त्याच नियमात सिद्ध झालेल्या फसवणुकीचा अपवाद आहे, आणि तो एजंट सांगत नाही. गोळ्या चालू असताना जाणूनबुजून ‘नाही’ लिहिणं कंपनी कशात बसवील, तुम्हीच विचार करा.

शिवाय पाच वर्षांच्या आत दाखल व्हावं लागलं तर? रात्री दोनला कॅज्युअल्टीतला डॉक्टर विचारतो, आधी काही त्रास? घाबरलेली बायको खरं तेच सांगते, आणि केसपेपरवर पहिलीच ओळ पडते : ‘सहा वर्षांपासून औषधं चालू.’ टीपीएवाले, म्हणजे कंपनीच्या वतीने क्लेम तपासणारे, बिलाआधी ती ओळ वाचतात. क्लेम जातो, पॉलिसीही रद्द होऊ शकते. एजंटचं कमिशन तोवर त्याच्या खात्यात जमा झालेलं असतं.

खरं लिहिलंत तर काय होईल? हप्ता वाढेल, एखादी कंपनी नाकारीलही. मग दुसरीकडे अर्ज करा. आधीपासूनच्या आजारासाठीची प्रतीक्षा आता जास्तीत जास्त तीन वर्षं आहे. फॉर्म स्वतःच्या हाताने भरा, प्रत जवळ ठेवा. ज्यांनी आधीच ‘नाही’ लिहून ठेवलंय, त्यांनी कंपनीला कळवण्यापूर्वी कागद घेऊन जाणकार वकिलाला भेटावं. प्रत्येकाचं प्रकरण वेगळं असतं.

पॉलिसी २०१६ ची, नूतनीकरण दरवर्षी. ‘मनोविकार वगळले आहेत’ म्हणून क्लेम नाकारला. तक्रार करून तीन महिने झाले, फोनवर ‘प्रोसेसमध्ये आहे’ सांगतात. (पुणे)

तीन महिने फोन कसले करत बसलात? कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. जुन्या पॉलिसीतल्या अशाच कलमाआड लपणाऱ्या कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये पैसे द्यायला लावले. पुढे विमा नियामकानेही ३१ ऑक्टोबर २०२२ पर्यंत सगळ्या पॉलिसी कायद्याला धरून करायला सांगितलं. लेखी तक्रारीला महिन्याभरात उत्तर नाही आलं की विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं. पुण्यात कार्यालय आहे, फी नाही, वकील लागत नाही. मात्र कंपनीच्या शेवटच्या नकारापासून वर्षभराच्या आत जायला हवं. नकाराचं पत्र, डिस्चार्ज कार्ड आणि पॉलिसीची सगळी पानं घेऊन या आठवड्यातच जा. तक्रार फोनवरच केली असेल तर मात्र आधी आजच ईमेल करा, महिना तेव्हापासून धरा.

वडिलांना दारू सोडवण्यासाठी केंद्रात ठेवायचंय. (कोल्हापूर)

इथे घोळ आहे. कायद्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांशी निगडित मानसिक अवस्था येतात, पण पॉलिसींच्या ठरावीक अपवादांत व्यसनावरचे उपचार वगळलेले असतात. नुसतं ‘व्यसनमुक्ती’ म्हणून क्लेम टाकलात तर नकारच येण्याची शक्यता जास्त. सोबत नैराश्य किंवा दुसरा आजार खरोखर असेल, तर मनोविकारतज्ज्ञांकडून स्वतंत्र निदान लेखी घ्या. नसलेला आजार लिहून घेऊ नका. आणि ‘कॅशलेस करून देतो’ म्हणणाऱ्या केंद्राला आगाऊ रक्कम देण्याआधी कंपनीची पूर्वमंजुरी कागदावर मागा.