लिलिथ तालमूदमध्ये आहे, पण आदामाची बायको म्हणून नाही

'लिलिथ ही आदामाची पहिली बायको असं तालमूदमध्ये आहे, पण माझ्या प्रबंधाचे गाइड पान क्रमांक मागतात आणि तो कुठेच मिळत नाही.' तुमचं हे वाक्य वाचून हसू आलं आणि पोटात गोळाही आला. मी ह्याच खड्ड्यात पडलोय.

मिळणार नाही, कारण तालमूद ह्या यहुदी धर्मचर्चेच्या जुन्या ग्रंथात ते नाहीच. तालमूदमधली लिलिथ म्हणजे लांब केसांची, पंखवाली हडळ. त्यातल्या 'शब्बात' ह्या भागाचं पान १५१ब म्हणतं, घरात एकट्याने झोपू नये, लिलिथ धरते. बस. 'मी खाली निजणार नाही, आपण दोघंही मातीचेच' हे भांडण आणि देवाचं नाव उच्चारून उडून जाणं, हे 'बेन सिराची वर्णमाला' ह्या बऱ्याच नंतरच्या, साधारण आठव्या ते दहाव्या शतकातल्या पुस्तकातलं. तेही चावट पुस्तक. त्यातच नबुखद्नेस्सर राजाच्या मुलीच्या पादण्यावरचा इलाज आहे! असल्या पुस्तकाला धर्माज्ञा समजून मी लेख लिहिला, वर त्याच्यावर भाषण ठोकलं.

भाषणानंतर एका बेने इस्राएल, म्हणजे इथल्याच मराठी यहुदी, आजोबांनी शांतपणे विचारलं, "कुठल्या पानावर?" मी म्हटलं, "सगळीकडेच लिहिलंय." सभागृह हसलं. पुढच्या महिन्यात प्रकाशकाने माझं अख्खं प्रकरण वगळलं. दोष माझाच, पण मूळ ग्रंथ बघायला ज्या ग्रंथालयात आधी तीन खेपा घातल्या होत्या, तिथे दर वेळी 'विभागप्रमुखांचं पत्र आणा'. पत्र नेलं तर म्हणे शिक्का गोल हवा, चौकोनी चालत नाही. असो.

आजोबांनी मात्र घरी बोलावलं. बायबलच्या उत्पत्ती २ मधल्या, जिच्यातून बाई घडली त्या 'फासळी'वर बोट ठेवलं, मग निर्गम २६:२० काढलं. हिब्रू शब्द तोच, 'त्सेला', पण तिथे अर्थ देवाच्या निवासमंडपाची बाजू. ह्याच आधारावर बेरेशीत रब्बा ह्या उत्पत्तीवरच्या जुन्या यहुदी भाष्याच्या आठव्या अध्यायात रब्बी शमुएल बर नहमान म्हणतात की पहिला माणूस दोन तोंडांचा होता, देवाने त्याला करवतून दोन पाठी केल्या. म्हणजे बाई हाडातून नाही, अर्ध्या अंगातून आली. तालमूदच्याच 'बेराखोत' ह्या भागात, पान ६१अ वर, रव आणि शमुएल (हे दुसरे) हे दोन पंडित ह्या 'त्सेला'वरच भांडतात: एक म्हणतो ते मूळचं तोंड होतं, दुसरा म्हणतो शेपूट! उत्पत्ती १:२७ मध्ये 'नर व नारी' एकदमच, मग दुसऱ्या अध्यायात बाई नंतर का, हा पेच ते लोक असा सोडवत होते.

मी ना यहुदी ना हिब्रूचा पंडित, तेव्हा शेवटचा शब्द तुमच्या गाइडचा. पण माझं स्पष्ट मत: प्रबंध ह्या करवतीवर उभा करा, लिलिथवर नको. ती घ्यायचीच तर अमेरिकेतल्या स्त्रीवादी यहुदी लेखनातून घ्या. जूडिथ प्लास्को यांची लिलिथवरची कथा १९७२ ची, 'लिलिथ' मासिक १९७६ चं. तारखा तशाच लिहा, मागे तालमूदपर्यंत ढकलू नका.

आणि ग्रंथालयाच्या खेपा वाचवा. सेफारिया नावाच्या संकेतस्थळावर मूळ हिब्रू-अरामी आणि इंग्रजी फुकट, शेजारी शेजारी दिसतं. अ-ब म्हणजे पानाच्या दोन बाजू, संदर्भात त्या लिहायला विसरू नका. अर्धनारीनटेश्वराशी तुलना करायचा मोह होईल, मलाही झाला होता. निदान पहिल्या खर्ड्यात तरी नको.