कात्री लावण्याआधी विचारा

तयार कपडे शिवणाऱ्या कारखानदारांच्या या महिन्याच्या निम्म्या पत्रांत एकच रड: माल शिलाईत अडकला. अहो, शिलाईत तो फक्त उघडा पडतो. घोळ झालेला असतो त्याआधी, कापड गाळ्यात उतरतं तेव्हा. असो, ओळीने घेऊ.

प्रश्न: लोअर परळला शर्टांची २० मशीनची लाइन आहे. रोजचा आकडा गाठत नाही. आणखी ५ मशीन घेऊ का?

नको. मोबाइलवर वेळ लावून प्रत्येक कामाचे दहा-दहा नग मोजा. कॉलर जोडायला ९० सेकंद लागत असतील आणि ते काम एकटा कारागीर करत असेल, तर तासाला ४० च्या वर शर्ट निघणार नाहीत, बाकीचे कितीही पळोत. त्याच्या मागे बंडलांचा ढीग आणि पुढचा माणूस रिकामा, असं दिसलं की तिथे दुसरा हात द्या. मशीन विकणारा हे सांगणार नाही. लाइनची मांडणीच बदलायची असेल तर मात्र जाणकाराला दोन दिवस बोलवून मगच हलवा.

प्रश्न: तयार कपड्यांवर जीएसटी नक्की किती?

२२ सप्टेंबर २०२५ पासून नगाची किंमत २,५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के, वर गेली तर १८. सवलत धरून किंमत कशी मोजायची ते सीएला विचारा.

प्रश्न: कुर्ल्यात रेयॉनचे कुर्ते शिवतो. व्यापारी म्हणाला, कापड आधीच आकसवलेलं आहे. तरी धुतल्यावर आखूड होऊन परत येतात. चूक कोणाची?

तुमची. तोंडी शब्दावर कात्री चालवलीत.

मीही एकदा चालवली होती. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, ६०० कुर्ते. पहिला परत आलेला कुर्ता मी टेबलावर नव्या कुर्त्यावर पसरला, तर खालच्या घेरापाशी चार बोटं नवा कुर्ता डोकावत होता. लेबलवर एल, अंगात एम. तेव्हापासून हा विषय निघाला की माझी गाडी थांबत नाही.

प्रोसेस हाउसमध्ये, म्हणजे कापड रंगवून तयार करतात त्या कारखान्यात, कापड ओढून-ताणून सुकवतात. त्यात ताकाही लांब भरतो, म्हणजे मीटर जास्त. रेयॉनचा धागा पाण्यात फुगतो, ताण सुटतो आणि कापड मूळ जागेवर येतं. तेव्हा प्रत्येक लॉटमधून, म्हणजे एका खेपेत तयार झालेल्या कापडातून, ६० सेंटीमीटरचा चौकोन कापा, त्याच्या आत धुण्याने न जाणाऱ्या शाईने ५० चा चौकोन आखा, लेबलवर लिहिणार तसाच धुवा, वाळवा, मोजा. उभ्या धाग्यात ४७ भरले तर आकस ६ टक्के. मग १०० सेंटीमीटर लांबीसाठी पॅटर्न (कापायचा नमुना) १०६ चा करतात, तोही चुकीचा! १०० ला ०.९४ ने भागा: १०६.४ येतात. आडवा धागा वेगळा मोजा. होजिअरीचं, म्हणजे टी-शर्टसारखं ताणणारं कापड असेल तर ताके उलगडून किमान २४ तास मोकळे पडू द्या. जागा नाही म्हणू नका, पोटमाळ्यावर पसरा.

‘मागच्या लॉटला काही झालं नव्हतं’ हे कृपया मला लिहू नका. लॉट बदलला की चाचणी नवी. आणि घरगुती धुलाईवर मोठी ऑर्डर कापू नका. घाटकोपरला बीट्रा आहे, वरळीला सस्मिरा आहे, दोन्ही कापड तपासणाऱ्या संस्था, तिथे नमुना द्या, लेखी अहवाल घ्या. व्यापाऱ्याशी भांडताना तोच कागद कामी येतो.

प्रश्न: सॉफ्टवेअर घेतलं तर उत्पादन ३० टक्के वाढेल म्हणतात. खरं?

आधी भिंतीवर फळा लावून दर तासाचे नग खडूने लिहा. महिनाभर ते जमलं तर पुढचं बोलू.

प्रश्न: खरेदीदार ९० दिवस पैसे देत नाही. करारातच तसं आहे.

तुमची ‘उद्यम’ (लहान उद्योगांची सरकारी) नोंदणी सूक्ष्म किंवा लघु उत्पादक म्हणून असेल, तर करारात काहीही लिहा, लहान उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याने मुदत ४५ दिवसांपुढे जात नाही. लेखी करार नसेल तर १५ दिवस. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. शिवाय मुदत उलटली की प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत खरेदीदाराला तो खर्च प्राप्तिकरात वजा मिळत नाही, हे त्याच्या हिशेबनिसाला एकदा आठवण करून द्या. नोंदणी माल पाठवण्याआधीची हवी. तक्रारीआधी वकिलाला कागद दाखवा, पण वर्षभर ‘संबंध बिघडतील’ म्हणत बसू नका.

प्रश्न: परवा कटिंग आहे. दोन ताक्यांचा निळा रंग जरा वेगळा वाटतोय. चालेल?

नाही. दोन्हींचे तुकडे ट्यूबलाइटखाली नव्हे, दिवसा खिडकीत शेजारी ठेवून कटिंग मास्तरांसोबत पाहा. फरक थोडका असेल तर एका नगाचे सगळे भाग एकाच ताक्यातून काढा आणि प्रत्येक भागावर नंबर चिकटवा, नाहीतर बाही एका निळ्याची आणि पाठ दुसऱ्याची. जास्त असेल तर व्यापाऱ्याला आजच फोन करा. कापलेलं कापड तो परत घेत नाही.