जाहिरात बंद केली आणि साईट गायब!

प्रश्न : लालबागला आमचं मसाल्याचं दुकान आहे, सोबत वेबसाईटपण. एप्रिल-मेच्या सीझनला गुगलवर जाहिरात करायचो तेव्हा ‘मालवणी मसाला ऑनलाईन’ टाकलं की आम्ही सगळ्यात वर, पाऊस सुरू झाल्यावर जाहिरात बंद केली तर थेट तिसऱ्या पानावर. जाहिरातीचं काम बघणारा मुलगा म्हणतो, पैसे थांबले म्हणून गुगलने खाली ढकललं. खरंय का? आणि साईटवर दुसऱ्यांच्या जाहिराती लावून चार पैसे मिळाले तर काही बिघडतं का?

उत्तर : ढकलबिकल काही नाही हो. वर दिसत होतं ते तुमचं रँकिंग नव्हतंच, ती भाड्याची जागा होती, तिथे बारीक अक्षरात ‘प्रायोजित’ लिहिलेलं असतं पण कोण बघतो. भाडं थांबलं, जागा गेली. फुकटच्या यादीत तुम्ही मे महिन्यातही बहुतेक तिसऱ्या पानावरच असणार. खात्री करायचीय तर सर्च कन्सोल उघडा (तुमची साईट शोधात कितव्या जागी दिसते ते सांगणारं गुगलचंच साधन), ते फुकट आहे आणि त्यात जाहिरातीचे क्लिक धरतच नाहीत, मे आणि जुलै शेजारी ठेवून बघा आणि तेच त्या मुलाला दाखवा. जाहिरातीला पैसे दिले म्हणून खालच्या यादीत वर घेत नाही, असं गुगल स्वतःच सांगतं. फायदा झाला तर आडून होतो, म्हणजे जाहिरात बघून कोणी नंतर दुकानाचं नाव टाकून शोधलं, कोणी तुमच्या मसाल्याबद्दल लिहून लिंक दिली, असं. दुसऱ्यांनी दिलेली लिंक गुगल रँकिंगमध्ये धरतं.

पण म्हणून लिंकच विकत घ्यायला जाऊ नका. ‘बॅकलिंक पॅकेज’, म्हणजे दुसऱ्यांच्या साईटवरून तुमच्याकडे येणाऱ्या लिंकांचा गठ्ठा, विकणारे फोन करतीलच. 2012च्या जानेवारीत गुगलने आपल्याच क्रोम ब्राउझरचं पान खाली टाकलं होतं, कारण त्याच्या प्रचारात पैसे देऊन लिहून घेतलेल्या पोस्टमध्ये साधी, म्हणजे टॅग न लावलेली लिंक सापडली. स्वतःच्या पोराला सोडलं नाही तिथे आपली काय कथा! पैसे देऊन लिंक लावायचीच तर तिला ‘स्पॉन्सर्ड’ किंवा ‘नोफॉलो’ टॅग (ही लिंक रँकिंगला धरू नको, अशी गुगलला खूण) लावून घ्या, मग रँकिंगला फायदा नाही पण धोकाही नाही.

आता दुसऱ्यांच्या जाहिराती. नुसत्या असल्याने काही होत नाही, कुठे आणि कशा लावता त्यावर आहे. पान उघडल्यावर वरचा सगळा भाग जाहिरातींनीच भरलेला असेल तर अशा साईट खाली जातात, हे 2012पासून चालू आहे. मोबाईलवर अख्खा स्क्रीन झाकणारे पॉपअप 2017पासून नडतात. आणि तिसरा त्रास सगळ्यात जास्त दिसतो : गिऱ्हाईक लोकलमध्ये एका हाताने दांडा धरून अर्ध्या किलोचा भाव बघतंय, इतक्यात वरून उशिरा जाहिरात लोड होते, सगळं खाली सरकतं आणि बोट भलतीकडेच पडतं. ही सरकासरकी गुगल मोजतं, त्या मापाला सीएलएस म्हणतात, आकडा 0.1 किंवा त्याच्या आत असला तर चांगलं. उपाय सोपा आहे, जाहिरातीच्या डब्याची उंची आधीच ठरवून जागा मोकळी ठेवायला डेव्हलपरला सांगा.

माझं विचाराल तर दुकानाच्या साईटवर जाहिराती लावूच नका. त्या पानाच्या विषयावरूनही निवडल्या जातात, म्हणजे तुमच्या मिरची पावडरच्या खाली दुसऱ्याच मसालेवाल्याची ऑफर झळकणार, आणि त्याबद्दल तुम्हाला मिळणार किरकोळ रुपये.