२०२९ मध्ये पृथ्वीजवळून गेल्यावर अपोफिस या लघुग्रहाची कक्षा बदलेल का? साताऱ्यातल्या शाळेत मुलांना काय सांगावं?

हो, बदलेल, आणि चांगलीच. आज अपोफिस सूर्याभोवती सुमारे ३२४ दिवसांत फेरी पूर्ण करतो, म्हणजे आपल्या वर्षापेक्षा लवकर. भारतीय वेळेनुसार १४ एप्रिल २०२९ च्या पहाटे तो पृथ्वीच्या पृष्ठभागापासून साधारण ३२ हजार किलोमीटरवरून जाईल. आपले टीव्हीचे उपग्रह याहून वर, जवळजवळ ३६ हजारांवर असतात! इतक्या जवळून जाताना पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण त्याला वळवेल, वेगही देईल. त्याची सूर्याभोवती फिरण्याची ऊर्जा वाढली की कक्षा मोठी होते, आणि फेरीला सुमारे १४ महिने लागू लागतील. मुलांना आकार दाखवायचा तर राजवाड्यापाशी उभं करून अजिंक्यताऱ्याकडे बघायला सांगा. किल्ला शहरापासून जेवढा उंच, साधारण तेवढाच, तीनशे-साडेतीनशे मीटरचा हा दगड आहे. धडकेची भीती मात्र घालू नका: मार्च २०२१ मधल्या रडार निरीक्षणांनंतर नासाने पुढची किमान १०० वर्षं टक्कर नाही, असं जाहीर केलंय. एवढंच लक्षात ठेवा, १४ महिने हा आजच्या गणिताचा आकडा आहे. नेमके दिवस तो जाऊन गेल्यावर मोजले की कळतील.