एकटं राहणाऱ्या, कमी बोलणाऱ्या माणसाला हॅम रेडिओवर मित्र मिळतात का?

मिळतात. हॅम रेडिओ म्हणजे लायसन्स काढून स्वतःच्या वायरलेस संचावरून अनोळखी लोकांशी बोलण्याचा छंद. पण 'लायसन्स काढलं, रिग (म्हणजे तो संच) घेतली की माणसं आपोआप भेटतील' असं वाटत असेल, तर तसं होत नाही. सुरुवातीचे बहुतेक क्यूएसओ (रेडिओवरच्या गप्पा) म्हणजे कॉल साईन (लायसन्सबरोबर मिळालेली ओळख), नाव, गाव, 'फाइव्ह नाइन' (सिग्नल छान येतोय), 'सेव्हन्टी थ्री' (शुभेच्छा) आणि संपलं. ओळख सुरू होते ती त्याच माणसाशी दुसऱ्यांदा बोलताना. तेव्हा सगळी खटपट ती दुसरी वेळ यावी यासाठी करायची.

लायसन्ससाठी दूरसंचार विभागाची एएसओसी (हौशी रेडिओ चालकाचं प्रमाणपत्र) परीक्षा असते. त्यातल्या रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स (टिंब-रेघांची सांकेतिक लिपी) लागत नाही. तोवर इंटरनेटवरचे वेबएसडीआर (ब्राउझरमधून ऐकता येणारे रेडिओ) नुसते ऐका. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा फुकट आहे. लोक बोलून झाल्यावर क्षणभर जागा सोडतात, तिसऱ्याला शिरता यावं म्हणून. ही सवय कानाने लागते, पुस्तकातून नाही.

एफटी८ या कॉम्प्युटरवरून चालणाऱ्या डिजिटल पद्धतीच्या नादी लागू नका. जो टेलर यांच्यासारख्या नोबेलविजेत्या शास्त्रज्ञाचा हात त्यामागे आहे आणि कमजोर सिग्नलसाठी ते अफलातूनच आहे. पण पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळ्यांत दोन कॉम्प्युटर ठराविक मजकूर देतात-घेतात. देशांची यादी वाढते, मित्र एकही वाढत नाही.

मैत्रीसाठी ४० मीटर बँड, म्हणजे ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ. दिवसा तो काहीशे किलोमीटरपर्यंत चांगला चालतो: पुणे-कोल्हापूर, नाशिक-संभाजीनगर. अँटेनाला साधा डायपोल (मधोमध जोडणी असलेली दोन बाजूंची तार) पुरतो: मीटरमधली लांबी १४३ भागिले मेगाहर्ट्झ, म्हणजे ७.१ ला साधारण २० मीटर, प्रत्येक बाजू १० मीटर. तार दोन्हीकडे ३० सेंटिमीटर जास्त ठेवा आणि एसडब्ल्यूआर (अँटेना रिगशी किती जुळली याचं माप) १.५ च्या खाली येईपर्यंत थोडी थोडी कापत जा. गच्ची लहान असेल तर मधे खांब उभा करून टोकं खाली उतरवा, मात्र दोन तारांमधला कोन ९० अंशांपेक्षा कमी नको. (सोसायटीची परवानगी हा या छंदातला सगळ्यात अवघड पेपर. तो आधी सोडवा.)

शहरात खरा घोळ आवाजाचा होतो. एलईडी दिवे, चार्जर, सोलर इन्व्हर्टर यांची खरखर इतकी असते की समोरच्याला तुम्ही ऐकू येता, पण तो तुम्हाला येत नाही. त्याला वाटतं, हा मुद्दाम उत्तर देत नाही. रिग १२ व्होल्टच्या बॅटरीवर लावा आणि घराचा मेन स्विच बंद करा. खरखर उतरली तर चोर घरातच आहे. मग एकेक एमसीबी चालू करत शोधा.

एखाद्याशी जमलं की लगेच स्केड (पुढच्या भेटीची ठरलेली वेळ) ठरवा: वार, वेळ, फ्रिक्वेन्सी आणि तिथे गर्दी असेल तर ५ किलोहर्ट्झने वर सरकायचं. सकाळची वेळ धरा, सूर्योदयानंतर तासा-दीड तासाने. त्याआधी आयनोस्फियर (लहरी परत जमिनीकडे वळवणारा वातावरणाचा वरचा थर) पुरेसा तयार नसतो आणि रात्री स्किप, म्हणजे लहर परत जमिनीवर उतरते ते अंतर, लांबते. मग दूरचे देश येतात, पण शेजारच्या जिल्ह्यातला मित्र गायब होतो. दहा मिनिटं हाक मारायची, नाही आला तर बंद करायचं, रुसवा नाही. अबोल माणसाला हे मानवतं, कारण बोलणं कधी संपवायचं हे दोघांना माहीत असतं. लॉगमध्ये (कोणाशी कधी बोललो त्या नोंदवहीत) एक रकाना 'काय बोललो' यासाठी ठेवा. गुडघ्याचं ऑपरेशन कसं झालं हे पुढच्या वेळी आठवणीने विचारणं, हे 'फाइव्ह नाइन'पेक्षा मोठं.

एक सावधगिरी. इथे खाजगी काही नाही, कोणीही ऐकू शकतं आणि सांकेतिक भाषा नियमात बसत नाही. त्यामुळे पत्ता, पैसे, 'मी घरी एकटाच असतो' हे ऑन एअर नको. पण एकटं राहणाऱ्या दोघांनी एक गोष्ट नक्की ठरवावी: सलग दोन स्केड चुकले तर फोन करायचा. नंबर क्यूएसएल कार्डावर (बोलणं झाल्याची पोच म्हणून टपालाने पाठवतात ते कार्ड) लिहा आणि कार्ड बंद पाकिटातून पाठवा.