डिसेंबरमध्ये पैसे भरले, हीट पंप जानेवारीत बसला, तर टॅक्स क्रेडिट मिळेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेतल्या घरातली जुनी गॅस फर्नेस (घर गरम करणारी भट्टी) काढून हीट पंप, म्हणजे घर गरम-थंड करणारं विजेचं यंत्र, घेतला. डिसेंबर २०२५ मध्ये सगळे पैसे भरले, पण माणसं जानेवारीत येऊन तो बसवून गेली. अॅटिकचं, म्हणजे छताखालच्या माळ्याचं, ऊब अडवणारं इन्सुलेशन नोव्हेंबरमध्येच झालं होतं. मग फेडरल टॅक्समध्ये काय मिळेल?

हीट पंपाचं मिळणार नाही. हे लिहिताना मला वाईट वाटतंय, कारण पैसे तुम्ही वेळेत भरले होते. पण या क्रेडिटमध्ये, म्हणजे टॅक्समधून थेट मिळणाऱ्या या सवलतीत, पैसे कधी दिले याला महत्त्व नाही, यंत्र बसून वापरायला तयार कधी झालं याला आहे. इन्फ्लेशन रिडक्शन अॅक्टमुळे २०२३ पासून हीट पंपाच्या खर्चाच्या ३० टक्के, वर्षाला जास्तीत जास्त २,००० डॉलर, असं क्रेडिट मिळत होतं. ते २०३२ पर्यंत चालणार होतं. ४ जुलै २०२५ ला सही झालेल्या कायद्याने ती मुदत ३१ डिसेंबर २०२५ वर आणून ठेवली. त्यानंतर बसलेलं यंत्र धरत नाहीत. "पैसे भरलेत ना, मग झालं" असं इन्स्टॉलर सांगत असेल, तरी त्याच्या भरवशावर रिटर्नमध्ये आकडा टाकू नका. उद्या आयआरएसने (अमेरिकेच्या आयकर खात्याने) विचारलं तर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल, त्याला नाही.

इन्सुलेशनचं मात्र सोडू नका, ते तुमच्या हक्काचं आहे. मालाच्या किमतीच्या ३० टक्के, कमाल १,२०० डॉलर. इथे एक खाच आहे. हीट पंपात बसवण्याची मजुरीही धरायचे, इन्सुलेशनमध्ये मजुरी धरत नाहीत. आमच्या बिलावर एकच ओळ होती, "अॅटिक, संपूर्ण काम", आणि खाली एकच रक्कम. मी तीनदा फोन केले तेव्हा कुठे माल वेगळा आणि मजुरी वेगळी असं बिल हातात आलं. तुम्हीही आत्ताच मागून घ्या, चार महिन्यांनी मागितलं की कोणी दाद देत नाही. सोबत उत्पादकाचं प्रमाणपत्र घ्या. ते रिटर्नला जोडावं लागत नाही, फाइलमध्ये ठेवायचं. आकडा फॉर्म ५६९५ मध्ये भरायचा, २०२५ च्या रिटर्नबरोबर. रिटर्न आधीच भरून झालं असेल तर दुरुस्त रिटर्न भरता येतं, त्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते.

आणखी एक गोष्ट, जी मला कोणी वेळेवर सांगितली नाही. हे क्रेडिट म्हणजे सरकारकडून येणारा चेक नाही. तुमच्या देय टॅक्समधून ते वजा होतं, आणि टॅक्सच कमी असेल तर उरलेली रक्कम बुडते, पुढच्या वर्षी ओढता येत नाही. आमचा हीट पंप २०२३ मध्ये बसला. त्या वर्षी नवऱ्याला सात महिने नोकरी नव्हती. देय टॅक्स १,३४० डॉलर निघाला, म्हणजे २,००० मधले ६६० गेले. काम दोन महिने पुढे ढकलून जानेवारीत केलं असतं तर पूर्ण रक्कम पदरात पडली असती. तुमच्या बाबतीत नेमका तोच जानेवारी आड आला, म्हणून हा प्रश्न मला जास्तच लागला.

आता हातात काय उरतं? वीज कंपनीचा रिबेट, म्हणजे खर्चातली काही रक्कम परत. तो टॅक्स क्रेडिटपेक्षा वेगळा असतो, आणि बऱ्याच कंपन्या यंत्र बसल्यावर ठरावीक दिवसांत अर्ज घेतात. ही मुदत चुकवू नका, आजच फोन करा. मॉडेल नंबर, परमिट आणि बिल जवळ ठेवा. (इन्सुलेशनवर असा रिबेट मिळाला तर तो खर्चातून वजा करूनच क्रेडिट काढायचं.) राज्यांमार्फत मिळणारे फेडरल पैशांचे रिबेटही आहेत, हीट पंपाला ८,००० डॉलरपर्यंत. पण ते तुमच्या भागातल्या मध्यम उत्पन्नाच्या दीडपटीच्या आत असलेल्या कुटुंबांनाच मिळतात, आणि काम होऊन गेल्यावर मागता येत नाहीत. पुढे कधी गीझर बदलून हीट पंपाचा घ्यायचा असेल, तर त्यालाही १,७५० पर्यंत आहे. आधी राज्याच्या कार्यालयाकडून मंजुरी, मगच ऑर्डर.

ऊब कुठून निसटते ते शोधणारी घराची ऊर्जा-तपासणी केली होती का, ते तुम्ही लिहिलं नाहीत. प्रमाणित ऑडिटरकडून २०२५ मध्ये करून घेतली असेल तर तिच्या खर्चाच्या ३० टक्के, १५० डॉलरपर्यंत, तेही त्याच फॉर्ममध्ये जातं. आमच्याकडे ऑडिटरने मुख्य दारात मोठा पंखा बसवून घरातली हवा बाहेर ओढली आणि मला स्वयंपाकघरातल्या स्विचच्या पट्टीजवळ हात धरायला सांगितला. बाहेर बर्फ होता. बोटांना गार झुळूक लागली, जणू खिडकी किलकिली राहिली होती. अशा फटी बुजवल्यावर आधी सुचवलेल्यापेक्षा लहान हीट पंप आम्हाला पुरला. तो बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणतो, म्हणून एक युनिट विजेत दोन-तीन युनिट ऊब मिळते, आणि उन्हाळ्यात तोच उलटा चालून घर थंड करतो. तुमचा बसलाच आहे, तर फटी आता बुजवून घ्या. त्या कामाला क्रेडिट उरलेलं नाही, तरी अनेक वीज कंपन्या त्यासाठी वेगळा रिबेट देतात. फोन कराल तेव्हा तेही विचारा.